काय काम काढलंय?

२०२४च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री आमच्या गावच्या घराच्या पडवीत पाणी शिरलं. मी पुण्यात होतो. सकाळी सहाला बाबांचा फोन. "खळ्यातला पाणी पडवेत इला," एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "तुझ्या मोबायलान उतार घराकडे काढल्यान."

घर कणकवली तालुक्यात. मे महिन्यात नऊ दिवसांची रजा काढून मी गावी गेलो होतो आणि समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पेव्हर ब्लॉक बसवले होते. मिस्त्री मिळाला नव्हता. मे महिन्यात आमच्याकडे मिस्त्री मिळणं म्हणजे लग्नाचा हॉल मिळण्यासारखं असतं, अख्खी मुंबई एकाच पंधरवड्यात गावी आलेली असते आणि प्रत्येकाने घराचं काहीतरी काढलेलं असतं. मी चार व्हिडिओ बघितले, वाळू पसरली, ब्लॉक ठोकले, फोनमधल्या लेव्हलवर उतार तपासला आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. फोटोला सत्तावीस अंगठे आले होते. वीस फूट बाय पंचवीस फुटांचं खळं. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे एका दिवसात तेवढा पडणं नवलाचं नाही, तर साडेचार हजार लिटर पाणी होतं. त्याला कुठेतरी जायचंच असतं. त्यात पडवीची पायरी आधी सहा इंच होती, वाळू आणि ब्लॉक मिळून त्यातले साडेतीन इंच मीच खाल्ले होते.

मी पोटापाण्यासाठी अॅपचे पडदे आखतो. कोणतं बटण कुठे, त्यावर काय लिहायचं, माणूस कुठे अडखळतो, हे बघणं माझं काम. बाबांचा फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा लाज वाटली आणि दुसऱ्यांदा, धंद्याच्या सवयीने, वाटलं की यावर एक अॅप हवं. घराबाहेरची, अंगणातली, परड्यातली कामं स्वतः करणाऱ्या घरमालकासाठी. कॉलेजातला एक मित्र अँड्रॉइडचं काम करतो. त्याचंही गाव जवळच, देवगडकडे. शनिवार-रविवार बसायचं ठरलं.

पहिले दोन महिने आम्ही चुकीचं अॅप काढत होतो, हे आता स्वच्छ दिसतं. परदेशी अॅप्स बघून सुरुवात केली. त्यांत लाकडी डेक होते, हिरवळीच्या कडा होत्या, बार्बेक्यूची जागा होती. अमेरिकेतलं घर बहुतेक लाकडाचं असतं, तिथे ड्रिल आणि करवत हातात असली की बरंच काही होतं. आमच्याकडे जांभ्याचा चिरा, सिमेंट, कौल आणि पत्रा. हे कळत होतं, तरी सांगाडा आम्ही तोच उचलला: छान फोटोंची चाळीस कार्डं, प्रत्येकावर 'सोपं', 'मध्यम', 'अवघड' अशी पट्टी, आत व्हिडिओ. फिग्मात, म्हणजे पडदे आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते इतकं देखणं दिसायचं की मी ते रोज उघडून बघायचो.

मग गणपती आले. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. वाडीतली बंद घरं उघडली आणि मी आरतीनंतर घराघरांत जायला लागलो. 'असं अॅप असेल तर वापराल का' हा प्रश्न मी विचारणार नव्हतो. त्याचं उत्तर सगळे 'हो' देतात, विशेषतः हातात मोदक असताना. मी विचारायचो, "घराबाहेरचं कुठलं काम अर्धवट राहिलंय? दाखवा ना."

लोक उत्साहाने दाखवायचे. आमच्याकडे अर्धवट कामाची लाज नसते, त्याची गोष्ट असते. चौदा घरं बघितली. एका ठिकाणी गेटच्या खांबांसाठी खणलेले दोन खड्डे, त्यांत बेडूक. एका ठिकाणी अर्धा गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, पुढे तीन वर्षांपूर्वी आणलेले चिरे शेवाळून हिरवे झालेले. चार घरांत सिमेंटचं अर्धं पोतं पडवीच्या कोपऱ्यात दगड होऊन बसलेलं. ते पोतं मला फार बोलकं वाटलं. कसं करायचं हे कळलं नाही म्हणून काम थांबलं, असं सांगणारे चौदांतले दोनच. बाकीच्यांचं सामान कमी पडलं होतं किंवा रजा संपली होती, बहुतेकांच्या बाबतीत आधी पहिलं आणि त्यामुळे दुसरं. खडी संपली, टेम्पोवाला दोन दिवसांनी येतो म्हणाला, आणि रविवारी रात्री तुतारी एक्स्प्रेस पकडायची होती.

परतायच्या आदल्या दिवशी बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात दुपारभर बसलो. मालक ओळखीचे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न जवळजवळ दर वेळी एकच: "एवढ्याला किती लागेल?" आणि हाताने हवेत माप दाखवायचं. मालक मनात काहीतरी गुणायचे आणि आकडा सांगायचे. तो आकडा कुठून आला हे गिऱ्हाइकाला कधी कळत नव्हतं. जास्त सांगितला तर दुकानदार लुटतो, कमी सांगितला तर परत खेप. पुण्याला जाताना गाडीत मी चाळीस कार्डांवर फुली मारली. मित्राला मेसेज केला, 'व्हिडिओ लोक बघतातच. आपण हिशेब करूया.'

हिशेब म्हटल्यावर मापं आली आणि मापांनी आमचे तीन महिने घेतले.

गावात सिमेंट पोत्यात मोजतात, वाळू-खडी विकत घेताना ब्रासमध्ये आणि कालवताना घमेल्यात. पोतं ५० किलोचं, त्यात साधारण ३५ लिटर सिमेंट असतं. इथवर ठीक. ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण फरशीवाला आणि रंगारी ब्रास म्हणतात तेव्हा ते १०० चौरस फूट असतात. आमच्या पहिल्या आराखड्यात नुसतं 'ब्रास' होतं आणि माझ्या मामेभावाने पेव्हरचं क्षेत्रफळ टाकून त्याच आकड्याची वाळू मागवायचा बेत केला होता. पाच ब्रास. खळ्यात डोंगर झाला असता. आता आमच्या पडद्यावर ब्रास हा शब्द फक्त विकत घ्यायच्या यादीत, फक्त वाळू-खडीसमोर येतो आणि शेजारी छोट्या टेम्पोचं चित्र असतं.

घमेल्याची तऱ्हा वेगळीच. घमेलं ही वस्तू प्रत्येक घरात वेगळ्या मापाची. मित्र म्हणाला, सरासरी काढू. मी म्हटलं, सरासरी घमेलं कुणाकडे नसतं. शेवटी उपाय सापडला तो आईच्या स्वयंपाकघरात. ती नवीन भांडं आणलं की पहिल्यांदा त्यात तांब्याने पाणी ओतून बघते, किती मावतं. आम्ही तेच केलं. अॅप पहिल्यांदा उघडलं की विचारतं: 'तुमचं घमेलं आणा. एक लिटरच्या बाटलीने पाणी ओता. किती बाटल्या मावल्या?' चौदा सांगितल्या की पुढचा सगळा हिशेब त्या घमेल्यात. न्हाणीमागे दहा फूट बाय सहा फूट, तीन इंच जाडीचा कोबा घालायचा आहे? एकास दोन-चारचा माल धरला तर तीन पोती सिमेंट, १४ घमेली वाळू, २७ घमेली खडी. पाणी पोत्यामागे २५ लिटरच्या पुढे नाही. ही शेवटची ओळ सगळ्यांत जास्त वादाची ठरली, कारण माल पातळ असला की पसरायला बरं वाटतं आणि कोबा पुढच्या वर्षी भुगा द्यायला लागला की दोष सिमेंटच्या कंपनीला जातो.

या घमेल्याच्या पडद्यावर मी खूश होतो. मग आमच्या वाडीतले जुने मिस्त्री, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, ते फोन हातात घेऊन म्हणाले, "सपाट काय शिगेचा?" पाणी सपाट मावतं. वाळू आपण शीग लावून भरतो. वर वाळू दमट असली की ती फुगते, तेवढ्याच घमेल्यात प्रत्यक्षात कमी येते. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, कागदावर आलं नव्हतं. सपाट घमेल्याचं चित्र टाकलं आणि 'वाळू ओली आहे का?' हा एक प्रश्न वाढवला. ओली असेल तर अॅप वाळू थोडी वाढवतं. किती वाढवायची यावर काका आणि मित्र यांची एक संध्याकाळ गेली. मित्राकडे तक्ता होता. काकांनी मूठभर वाळू दाबून दाखवली, मूठ उघडल्यावर गोळा राहतो की सुटतो ते बघा म्हणाले. अॅपमध्ये मूठ आहे.

शब्दांचं सांगायचं तर सुरुवातीला बटणावर 'नवीन प्रकल्प' होतं. प्रकल्प म्हटलं की आमच्याकडे माणसाला भूसंपादन आठवतं. 'प्रोजेक्ट' केलं तर शाळेतला थर्माकोल. डीआयवाय, म्हणजे 'स्वतःच करा', हा शब्द तर मी चौदा घरांत एकदाही ऐकला नाही. आईला काकी विचारत होती, "काय काम काढलंय?" आणि मला बटण मिळालं. काम काढणं यात सगळं येतं, हौस, खर्च, घरच्यांची नाराजी, आणि ते पूर्ण होईलच असं नाही हेसुद्धा. 'स्टेप ३'चं 'तिसरा हात' करायचा मोह झाला होता, रंगाचे हात असतात तसे, पण रंगकाम करणाऱ्यांनी गोंधळ घातला म्हणून साधं 'आता हे' आणि 'मग हे' ठेवलं.

देवनागरीने वेगळा घाम काढला. तयार साच्यांत दोन ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या हिशेबाने असतं. 'पट्ट्या' आणि 'र्‍हस्व' अशा शब्दांचे वरखालचे अवयव कापले जायचे. 'चिऱ्यांची संख्या' मधली वेलांटी वरच्या ओळीतल्या उकारात घुसायची. शेवटी 'मुक्ता' हा फॉन्ट घेतला आणि ओळींमध्ये भरपूर हवा ठेवली.

फोनवरचे कच्चे पडदे घेऊन मी डिसेंबरमध्ये गावी गेलो. दुपारी बारा वाजता, खळ्यात, उन्हात. ऑफिसात एसीखाली सुंदर दिसणारा फिकट करडा मजकूर तिथे शून्य होता. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक असावा असा वेबवरचा सर्वमान्य निकष आहे. तो आम्ही पाळला होता, तरी उन्हात पुरला नाही. मग पांढऱ्यावर शाई काळी, बाकी नखरे बंद. बटण ४८ एककांचं असावं असं गूगल सांगतं, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. सिमेंटने माखलेला अंगठा नऊ मिलिमीटर मानत नाही. तो फोनच मानत नाही खरं तर. ओल्या बोटाला पडदा प्रतिसाद देत नाही, कोरड्या सिमेंटच्या बोटाने ओरखडा उठतो. मी बाबांना प्रत्यक्ष माल कालवताना बघितलं. ते कोपराने पडदा दाबायचा प्रयत्न करत होते. नंतर नाकाने.

त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. आवाज कमी-जास्त करायचं बाजूचं बटण पुढच्या पायरीसाठी वापरलं, ते पिशवीत घातलेल्या फोनवरही दाबता येतं. आणि प्रत्येक पायरी मराठीत बोलून दाखवायची सोय केली. फोनमधली यांत्रिक मराठी बाई 'घमेली'चं काहीतरी भलतंच करायची, म्हणून माझ्या बहिणीच्या आवाजात नेहमीची वाक्यं ध्वनिमुद्रित केली. नेट लागायला नको ही अटच होती. आमच्या वाडीत रेंज पाहिजे असेल तर आंब्याखाली जावं लागतं.

आता फोनमधल्या लेव्हलकडे येतो, कारण तिथे माझा जुना हिशेब होता.

पडवीत पाणी का शिरलं हे मला सहा महिने कळलं नव्हतं. उतार मी तपासला होता. वीस फुटांना चार इंच घराबाहेर, फोन एक अंश दाखवत होता, तेवढंच हवं होतं. तरीही मित्राने आमच्या अॅपमध्ये लेव्हल बनवली तेव्हा मी हौसेने हो म्हटलं. हिरवा बुडबुडा, मधोमध आला की फोन थरथरायचा. मस्त दिसायचं. तो डिसेंबरात आम्ही काकांना दाखवला. त्यांनी पारदर्शक नळी आणली, पंचवीस-तीस फूट, पाणी भरलं, आतली हवा बोटाने टिचक्या मारत काढली आणि एक टोक पडवीच्या खांबाला, दुसरं गेटच्या खांबाला धरून कोळशाने खुणा केल्या. दोन मिनिटं. नळी सांगत होती खळं जवळजवळ सपाट आहे. फोन अजूनही एक अंश उतार दाखवत होता. "ह्या तुझा यंत्र काय म्हणता?" काका म्हणाले. मी काही म्हटलं नाही.

मग मित्राने माझा फोन काचेच्या टेबलावर ठेवला आणि तो डुलला. मागचा कॅमेरा दोन-अडीच मिलिमीटर बाहेर आलेला असतो. पंधरा सेंटीमीटर लांबीच्या फोनखाली अडीच मिलिमीटर म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक अंश. मे महिन्यात मी दर वेळी कॅमेऱ्याची बाजू घराकडे ठेवून उतार बघितला होता. फोनच्या पाठीचा उंचवटा मी खळ्याचा उतार म्हणून मोजत होतो. आणि सपाट खळ्यातही पाणी घराकडेच का गेलं, तर पडवीच्या पायाजवळची भर नीट ठोकलेली नव्हती, पहिल्या पावसात ती बसली. फोन उलटसुलट फिरवून दोन वाचनांची सरासरी काढायला लावता येते, मित्राने ते करूनही दाखवलं. चार जणांना दिलं, तिघांनी दुसऱ्यांदा फिरवलाच नाही. एका अंशाच्या चुकीत वीस फुटांचा अख्खा उतार जातो. मी ती लेव्हल काढून टाकली. तिच्या जागी पाण्याच्या नळीची चार चित्रं आहेत आणि हवा कशी काढायची ते आहे. मित्र अजून थोडा रागावलेला आहे. त्या लेव्हलचा कोड त्याने खरंच छान लिहिला होता.

खळ्याचे ब्लॉक त्याच सुट्टीत आम्ही उचलले, पायाजवळची माती पाणी मारून ठोकली, नळीने खुणा घेतल्या आणि परत बसवले. वाळूवर बसवलेल्या ब्लॉकचं हे बरं, चूक उचलून परत मांडता येते. कोब्याचं तसं नाही.

'हे तुम्ही करू नका' असे पडदे असावेत की नाही यावर आम्ही बरेच भांडलो. मित्राचं म्हणणं, लोक मोठे आहेत. माझं म्हणणं, मी मोठा आहे आणि माझी पडवी बघ. शेवटी ठेवले, मोजके. पावसाळ्यात शेवाळलेल्या कौलांवर चढणं. विहिरीच्या पंपाची बाहेरची वायर स्वतः जोडणं. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या, तोही वायरमनकडून. आंबा-फणस तोडणं, स्वतःच्या परड्यातला असला तरी १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे निम्म्या घरांना माहीत नव्हतं. आणि जुना गडगा उसकटताना चिऱ्यांच्या फटीत उघडा हात घालणं. त्या फटीत फुरसं असतं. लहानसं, चिऱ्याच्याच रंगाचं, दिसत नाही. त्या पडद्यावर आधी पहार वापरा, बूट घाला, आणि चावलंच तर वेळ न दवडता १०८ला फोन, एवढंच आहे. मी तिथे सापाचं चित्र घातलं होतं, एका काकींनी फोनच खाली टाकला, म्हणून काढलं.

गडग्याच्या कामात अजून एक पडदा आहे जो कुठल्याही परदेशी अॅपमध्ये नसेल. पहिलाच प्रश्न: 'हा गडगा कोणाचा?' पर्याय तीन. आमचा, सामायिक, आणि 'वाद आहे'. तिसरा दाबला की अॅप पुढे हिशेब देत नाही, आधी मोजणी करून घ्या म्हणतं. मला हा विनोद वाटला होता. चाचणीत अकरांतल्या दोघांनी तो दाबला.

खरी चाचणी २०२५च्या मे महिन्यात. अकरा घरं, बहुतेक चाकरमानी, कुणाची आठ दिवसांची रजा, कुणाची बारा. अॅपचा गाभा तोवर वेळापत्रक झाला होता आणि त्याचा मला अभिमान होता. पाऊस साधारण ७ जूनला, मृगाच्या तोंडावर येतो असं धरून ते उलटं मोजत यायचं. कोब्याचं काम रजेच्या शेवटी न टाकता पहिल्याच दिवशी टाकायचं, कारण हल्ली बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं आणि माणसाची रजा आठ दिवसांची असते. म्हणून अॅप विचारतं, 'तुम्ही गेल्यावर पाणी कोण मारणार?' तिथे शेजारच्या काकींचा नंबर टाकला की त्यांना सकाळ-संध्याकाळ मेसेज जातो: गोणपाट भिजवा. ही सोय लोकांना फार आवडली. काकींना किती आवडली ते मी विचारलेलं नाही.

आणि त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला. विसाव्या तारखेच्या सुमारास धो धो सुरू झाला, २५ मे रोजी हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोहोचल्याचं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी मुंबईत. मी पुण्यात बसून व्हॉट्सअॅप बघत होतो. एका घरातून फोटो आला: फोनवर आमचं अॅप, त्यात हिरव्या अक्षरांत 'पावसाला १५ दिवस बाकी. आता हे: खांबाचा खड्डा खणा', आणि फोनच्या मागे तोच खड्डा, काठोकाठ भरलेला. खाली एक हसणारा चेहरा. दुसऱ्या घरात वाळूचा थर पसरून झाला होता, ब्लॉक बसायचे होते. ती वाळू व्हाळात गेली. अकरांतली चार कामं पूर्ण झाली. सात घरांत, मी ज्यासाठी हे सगळं सुरू केलं होतं, तीच गोष्ट तयार झाली: अर्धवट काम, आता आमच्या वेळापत्रकासकट.

आठवडाभर मी फिग्मा उघडलं नाही. मित्र म्हणाला, हवामानाचा अंदाज जोडू. जोडला असता, पण आंब्याखाली रेंज. मग काकांना फोन केला आणि विचारलं, तुमची मे महिन्यातली कामं कशी झाली? ते म्हणाले, दोन राहिली, पण वाया काही गेलं नाही. "जेवडा खणशीत तेवडा सांजेक भर." चाळीस फुटांचा गडगा असेल तर ते चाळीस फूट पाया खणून ठेवत नाहीत. पाच फूट खणायचं, भरायचं, वर आणायचं, वरचा थर बंद करायचा. मग पुढचे पाच. जुनी माणसं वेळापत्रक ठेवायची नाहीत, कारण पाऊसही ठेवायचा नाही.

तेव्हापासून आमच्या अॅपमध्ये तारखेची पट्टी नाही. त्याऐवजी प्रत्येक पायरीवर एक खूण आहे: इथे काम सोडलं तर चालेल, किंवा इथे सोडू नका. वाळूचा थर पसरला आणि ब्लॉक नाहीत, सोडू नका. ब्लॉक बसले पण कडेचा बांध नाही, सोडू नका, कडा सरकतील. कडा बांधून झाली, सोडा, गणपतीत बघू. सकाळी अॅप विचारतं आज किती तास आहेत आणि किती माणसं, आणि संध्याकाळपर्यंत 'सोडलं तर चालेल' या खुणेपर्यंत पोचेल एवढाच तुकडा काढून देतं. घमेल्यांचा हिशेबही त्या तुकड्यापुरता. ताडपत्री खरेदीच्या यादीत सगळ्यांत वर, सिमेंटच्याही आधी. हे सगळं बदलायला दोन महिने लागले आणि जुन्या पडद्यांतले निम्मे गेले. २७ ऑगस्टला चतुर्थी होती. त्या सुट्टीत सहा घरांनी छोटी कामं काढली, पाऊस होताच, पाच घरांनी दिवसाच्या तुकड्यावर काम सोडलं आणि तुकडे जागेवर राहिले. सहाव्या घरात भजन होतं.

अॅपला अजून नाव नाही. मित्राच्या फोल्डरमध्ये ते 'खळं फायनल ३' आहे.

पाऊस संपल्यावर आईने सांगितलं की तुळशीभोवतीचे ब्लॉक काढ, तिला तिथे मातीचं खळं हवं, सारवता येईल असं. दहा बाय दहाचा तुकडा. मी काढले. तिने माती घातली, पाणी मारलं, चोपण्याने चोपलं, दोन दिवस सुकू दिलं, परत चोपलं, मग शेण. दरवर्षी पाऊस गेल्यावर हे काम आमच्या घरात होत आलंय, ब्लॉक येईपर्यंत. आमच्या यादीत ते नव्हतं. चाळीस कार्डांतही नव्हतं. मी वही घेऊन पायरीवर बसलो आणि एकेक विचारायला लागलो. माती किती घमेली?

"लागात तेवडी."

अंदाजे?

"माका कित्याक इचारतंस? खळा बघ, ता सांगात."

त्या पायरीवर आकडा टाकल्याशिवाय अॅप पुढे जाऊ देत नव्हतं. मित्राला फोन केला. त्याने ती अट काढली आणि तिथे आईचे दोन शब्द टाकले. बहीण दिवाळीला आली होती, तिच्याकडून ते बोलूनही घेतले. दुसऱ्यांदा घ्यावे लागले, पहिल्यांदा मागे आई हसल्याचा आवाज आला होता.